जुना रीलोडिंग प्रेस हाताला लागला तर आधी ओळखा, मग पान्हा उचला

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. तो ओहायोत असतो, नवीन घर घेतलंय, आणि आधीच्या मालकाने तळघरात वर्कबेंचला बोल्ट केलेलं एक लोखंडी धूड तसंच सोडून दिलंय, हिरवट रंगाचं, बाजूला लांब दांडा, वरती आटे पाडलेलं भोक, फोटो पाठवतो बघ काय आहे ते. फोटो बघितला तर आरसीबीएस ज्युनिअर, म्हणजे वापरलेली काडतुसं परत भरायचा जुना प्रेस! गंज चढलेला, दांड्याची मूठ फुटलेली, पण कास्टिंग अख्खं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातली बरीच मंडळी आता अमेरिकेत स्थायिक झालीत, काही जण शिकारीला जातात, काही नेमबाजीच्या रेंजवर, आणि एस्टेट सेलमध्ये किंवा कुणाच्या गॅरेजमध्ये असं यंत्र दिसलं की घ्यावं का, आणि घेतलं तर करायचं काय, हे मराठीत सांगणारं कोणी सापडत नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, आतापर्यंत सात जुने प्रेस खोलून परत उभे केलेत. लहानपण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या शेजारी गेलं, त्यामुळे बिडाचं ओतकाम, लेथ, कानस याची सवय आधीपासून होती आणि या कामात तिचा फार उपयोग झाला.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतूस उडालं की गोळी जाते, दारू जळते, पितळेची पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती थोडी फुगलेली असते आणि तिच्या बुडाला वापरलेली टोपी म्हणजे प्रायमर अडकलेला असतो. रीलोडिंग प्रेस म्हणजे एक तरफ आणि एक दट्ट्या. दट्ट्याला इथे सगळे रॅम म्हणतात. पुंगळी रॅमच्या डोक्यावर अडकवायची, वर डाय म्हणजे पोकळ पोलादी साचा बसवलेला असतो, दांडा ओढला की पुंगळी डायमध्ये घुसते, परत मापात येते आणि जुना प्रायमर खाली पडतो. पुढच्या पायऱ्यांमध्ये नवीन प्रायमर आणि गोळी बसवणंही हाच प्रेस करतो. दारू किती आणि कुठली हा विषय या लेखात अजिबात नाही, तो प्रत्येक काडतुसाच्या छापील डेटा-मॅन्युअलमधूनच बघायचा. इथे फक्त यंत्र.

आता हात लावायच्या आधी कायद्याचं बोलू, कारण आपल्या लोकांची इथेच गडबड होते. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला भरलीत तर लागतं. पण तुम्ही एच-वन-बी, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि अम्युनिशन दोन्ही बाळगायला मनाई आहे, काही ठराविक अपवाद सोडून, त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आणि अम्युनिशनच्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस येत नाही, रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर म्हणजे दारू यातली प्रत्येक गोष्ट येते. प्रेस त्या यादीत नाही. म्हणजे होतं काय, तुम्ही पाच-पंचवीस डॉलरला निव्वळ लोखंड म्हणून प्रेस घेता आणि सोबतच्या डब्यात पन्नास पुंगळ्या निघतात, आणि त्या डब्याने तुम्ही अडचणीत येता. ग्रीन कार्ड नसेल तर डबा तिथेच ठेवून या आणि वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असतात तेही बघा.

दुसरं, हा प्रेस सुट्टीला जाताना बॅगेत घालून पुण्याला न्यायचा विचार स्वप्नातही करू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करायची यंत्रसामग्री हेसुद्धा धरलंय. म्हणजे इथे जे बेंचवरचं साधं अवजार आहे ते तिकडे कायद्याच्या भाषेत दारूगोळाच. काका जुन्या यंत्रांचे कितीही शौकीन असले तरी त्यांना फोटो पाठवा.

पहिलं काम: जिवंत प्रायमर राहिलाय का बघा

हे मी सगळ्यात वर ठेवतो. जुन्या प्रेसला प्रायमर बसवायचा एक छोटा हलणारा हात असतो, काहींना प्रायमर साठवायची उभी नळी असते. चाळीस वर्षं पडून असलेल्या प्रेसच्या त्या नळीत किंवा हाताच्या कपात न उडालेला प्रायमर अडकलेला असू शकतो, आणि इतक्या वर्षांनी तो निकामी झाला असेल असं धरून चालू नका. मला एकदा रॅमच्या खाचेत तेलकट काळ्या चिखलात दोन सापडले, दोन्ही न उडालेले. मी जर आधीच गॅसचा टॉर्च लावून गरम करायला घेतलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही येतो. म्हणून गॉगल लावा, विजेरी घ्या, सगळ्या खाचा, नळ्या, पोकळ रॅमचं आतलं अंग बघून घ्या, लाकडाच्या काडीने हळूच चिखल काढा. हे झाल्याशिवाय हातोडा नाही, उष्णता नाही, ड्रिल नाही.

सोबत जुन्या पावडरचे डबे, प्रायमरची खोकी मिळाली तर ती वापरायची नाहीत. डब्याचं झाकण उघडल्यावर तांबूस वाफ किंवा आंबूस झोंबणारा वास आला तर ती पावडर सडायला लागलीय. प्रायमर कचऱ्यात टाकू नका, तेलात बुडवले की मरतात ही समजूत खरी धरू नका. गावच्या फायर डिपार्टमेंटला किंवा पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून विचारा, ते सांगतात कुठे द्यायचं.

आता ओळख पटवायची

रंगावर जाऊ नका. हिरवा म्हणजे आरसीबीएस, नारिंगी म्हणजे लायमन, लाल म्हणजे हॉर्नडी किंवा ली हे नवीन मालाला बरंचसं लागू पडतं, पण जुन्या प्रेसवर कुणीतरी ट्रॅक्टरचा उरलेला रंग मारलेला असतो. कास्टिंगवरची उठावाची अक्षरं वाचा. गंजाने भरलेली असतील तर ओल्या ब्रशने साफ करा आणि त्यावर खडू आडवा फिरवा, अक्षरं उमटून येतात.

आणि कंपनीच्या नावाइतकंच गावाचं नाव महत्त्वाचं, तो त्या यंत्राचा जन्मदाखला असतो. ओरोविल, कॅलिफोर्निया असेल तर आरसीबीएस. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत हे सुरू केलं, युद्धामुळे गोळ्यांची टंचाई होती म्हणून पॉइंट टू-टू (.२२) या छोट्या काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचं वरचं आवरण बनवायचा डाय त्याने काढला, आणि रॉक चक नावाच्या घुशीसारख्या जनावराच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या म्हणून नाव पडलं रॉक चक बुलेट स्वेज, त्याची आद्याक्षरं आरसीबीएस. पॅसिफिक नावाचा प्रेस असेल आणि त्यावर सॅन फ्रान्सिस्को असेल तर तो जुन्या काळातला, लिंकन, नेब्रास्का असेल तर नंतरचा, आणि १९७१ मध्ये ही कंपनी हॉर्नडीने घेतली. मिडलफील्ड, कनेटिकट म्हणजे लायमन, ही १८७८ पासूनची कंपनी, तिने १९२५ मध्ये आयडियल ही न्यू हेवनची कंपनी घेतली, त्यामुळे जुन्या हत्यारांवर आयडियल हे नाव दिसलं तरी वंश तोच. वासिका, मिनेसोटा म्हणजे हर्टर्स. फॅरिबॉल्ट, मिनेसोटा म्हणजे बोनान्झा, ज्यांचा को-ॲक्स प्रेस आज फॉर्स्टर बनवतात. कॉर्टलँड, न्यूयॉर्क म्हणजे रेडिंग.

लायमनच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. स्पार्टन आणि स्पार-टी ही दोन वेगळी यंत्रं आहेत. स्पार्टन हा एका डायचा साधा प्रेस, स्पार-टीला वर सहा भोकांची फिरती तबकडी. विकणारे दोन्ही नावं एकमेकांच्या जागी लिहितात, तुम्ही फोटो बघून ठरवा. आणि अडकित्त्यासारखं दोन दांड्यांचं हातात धरायचं हत्यार मिळालं तर ते टाँग टूल, लायमनचं ३१० त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, तो प्रेस नव्हे.

चौकटीचा आकार बघा. एक बाजू उघडी असेल, इंग्रजी सी अक्षरासारखी, तर सी-प्रेस. हात घालायला मोकळी जागा मिळते पण मोठी पुंगळी दाबताना चौकट किंचित उघडते. पूर्ण बंद कडं असेल तर ओ-प्रेस, तो जास्त ताठ. आरसीबीएस ज्युनिअर ओ प्रकारचा आहे, आणि म्हणूनच तो इतकी वर्षं टिकून अजून कामाला येतो असं माझं मत आहे. दोन खांबांमध्ये आडवी पट्टी वरखाली जात असेल तर एच-प्रेस, सीएच कंपनीचे तसे प्रसिद्ध होते.

यानंतरची दोन मापं ठरवतात की प्रेस वापरायचा का शेल्फवर ठेवायचा.

एक, वरच्या भोकाचे आटे. आज जवळपास सगळे डाय ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे या मापाचे येतात. मेट्रिकमध्ये साधारण २२.२ मिलिमीटर. नवीन डाय सोबत घेऊन जा आणि हाताने फिरवून बघा, दोन-तीन आटे सहज गेला पाहिजे. लायमनचा ट्रू-लाइन ज्युनिअर दिसायला फार गोड यंत्र आहे पण त्याला ३१० चेच छोटे डाय लागतात, ५/८ इंच आणि इंचाला ३० आटे, ते आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात. भोक फार मोठं वाटलं तर घाबरू नका, काही प्रेसमध्ये मोठ्या भोकात बुश म्हणजे आटे पाडलेलं कडं बसवून मग डाय लावतात आणि विकताना ते बुश हरवलेलं असतं. आरसीबीएसच्या रॉक चकर प्रेसचं बुश सव्वा इंच आणि इंचाला १२ आटे या मापाचं, ते नवीन मिळतं.

दोन, शेलहोल्डर. म्हणजे पुंगळीचं बूड धरणारी छोटी चकती. आजचे शेलहोल्डर रॅमच्या डोक्यावर आडवे सरकवून बसतात, आत तारेची एक छोटी क्लिप असते ती धरून ठेवते. फार जुन्या प्रेसमध्ये मात्र शेलहोल्डर आट्यांवर बसतो किंवा रॅमचं अख्खं डोकंच बदलायचं असतं, हर्टर्सच्या काही मॉडेलना त्यांचेच वेगळे शेलहोल्डर लागतात. असा प्रेस घेताना सोबत तुमच्या काडतुसाचा शेलहोल्डर आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबरांवरही विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे, .३०-०६ या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीला आरसीबीएसमध्ये ३ नंबर, लायमनमध्ये २, हॉर्नडीमध्ये १.

तडा आणि झीज, बाकी सगळं दुरुस्त होतं

गंज बघून लोक प्रेस सोडून देतात आणि चकचकीत रंग बघून घेतात, मला हे बघवत नाही. गंज दोन दिवसांत जातो. मूठ, क्लिप, पिना मिळतात. दोनच गोष्टी नापास करायला पुरेशा आहेत.

बीड ताणाला कच्चं असतं. सी-प्रेसच्या आतल्या कोपऱ्यात, आणि बेंचला बोल्ट करायच्या पायांत तडे जातात. प्रेस दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करा, चांगलं कास्टिंग घणघणतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. मग उद्यमनगरातली जुनी युक्ती: संशयाची जागा साफ करून तिथे रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. पायाला तडा असेल तर एक वेळ शोभेसाठी ठेवा. चौकटीला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरायच्या भानगडीत पडू नका, बिडाचं वेल्डिंग दिसायला जुळतं पण हजारो वेळा बसणाऱ्या ताणाखाली ते धरेल यावर मी माझा हात लावणार नाही.

झीज बघायची रॅमच्या भोकात. रॅम पूर्ण वर घ्या, डोकं दोन बोटांनी धरून पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवा. डायल इंडिकेटर म्हणजे बारीक हालचाल मोजायचं घड्याळासारखं मापक असेल तर लावा. इंचाच्या हजाराव्या भागाचे पाच-सहा असतील तर मी दुर्लक्ष करतो, दहा-बाराच्या वर गेलं आणि एकाच दिशेला जास्त असेल तर भोक अंडाकृती झालंय. यावर उपाय म्हणजे भोक मोठं करून कांस्याचं बुश बसवणं, पण इथल्या मशीन शॉपचा दर बघता तेवढ्यात दुसरा प्रेस येतो. मात्र थोड्या हालचालीने लगेच निराश होऊ नका, पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते, त्या को-ॲक्स प्रेसमध्ये तर डाय आणि पुंगळी दोन्ही मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असतात.

लिंकच्या, म्हणजे दांडा आणि रॅम जोडणाऱ्या पट्ट्यांच्या, पिना ढिल्या असतील तर दांडा हलवताना खटखट आवाज येतो. हे स्वस्तातलं काम आहे, नवीन पिना, गरज पडली तर भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठं करून जाडी पिन.

खोलणं

आधी फोटो. चारही बाजूंनी, मग प्रत्येक भाग काढताना. कुठली लिंक डावी कुठली उजवी ते मार्करने लिहा, कारण त्या इतकी वर्षं एका बाजूला झिजलेल्या असतात आणि अदलाबदल केली की अडकतात. दांडा वर उचलून काम करायचा लावलाय का खाली दाबून तेही लिहून ठेवा, बरेच जुने प्रेस दोन्ही पद्धतीने लावता येतात आणि परत जोडताना गोंधळ होतो.

अडकलेल्या बोल्टला पेनिट्रेटिंग ऑइल टाका आणि रात्रभर विसरून जा. दुसऱ्या दिवशी परत टाका. घाई केली की बोल्टचं डोकं जातं, आणि मग पूर्ण रविवार तो काढण्यात जातो. पिन ठोकायच्या आधी दोन्ही बाजूंनी नीट बघा, ती एखाद्या छोट्या ग्रब स्क्रूने अडवलेली असते आणि तो स्क्रू रंगाखाली किंवा मळाखाली लपलेला असतो. मी पहिल्या प्रेसला तो स्क्रू न बघता ठोकत बसलो, पिन वाकली आणि भोकाचा काठ उडाला. ते कास्टिंग आजही बेंचखाली आहे. ठोकायला पितळेचा पंच, पोलादी नको. रॅमवर तर हातोडा टेकवायचासुद्धा नाही, लाकडाचा ठोकळा मध्ये धरा.

गंज

इथे एक गोष्ट जी फार कमी जण करतात: तेल लावायच्या आधी गरम पाणी आणि साबणाने धुवा. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, अमेरिकन लष्करी काडतुसांत तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, ते उडालं की मागे एक प्रकारचं मीठ राहतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन लोखंड खातं. अशा प्रायमरचा राखाडी मळ वर्षानुवर्षं रॅमच्या आजूबाजूला पडलेला असतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. नुसतं तेल लावलं तर वरून चमकतं आणि खालून गंज चालूच. म्हणून आधी गरम पाणी, मग लगेच हेअर ड्रायरने कडक सुकवणं, मग पुढचं.

हा मळ आणि जुना रंग दोन्हीत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीचा प्रेस असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली लेड टेस्ट किट लावून बघा. कोरडं घासायचं नाही, वायर व्हीलने धुरळा उडवायचा नाही, ग्लोव्ह्ज, मास्क, आणि काम झालं की हात थंड पाण्याने साबण लावून धुवायचे. घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे वेगळे धुवा आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये एकही पार्ट नेऊ नका. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

वरवरचा गंज असेल तर ०००० नंबरची स्टील वूल आणि हलकं तेल एवढंच पुरतं. रॅमला तर यापेक्षा जास्त काहीही लावू नका. एमरी पेपर मारून रॅम आरशासारखा करायचा मोह होतो, पण घासला की तो बारीक होतो, आणि जी फट तुम्ही आत्ताच डायल लावून मोजली ती स्वतःच्या हाताने वाढवता. रॅमवर खड्डे पडलेले असतील तर राहू द्या, उलट खड्ड्यात तेल धरतं, फक्त काठ वर आलेले नकोत.

चौकटीवर जाड पोपडे असतील तर इलेक्ट्रोलिसिस करा, बिडाला ते फार मानवतं. प्लॅस्टिकची मोठी बादली, चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर वॉशिंग सोडा, १२ व्होल्टचा साधा जुना बॅटरी चार्जर. निगेटिव्ह वायर प्रेसला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ लोखंडी पट्टीला. उलट जोडलं तर प्रेसच विरघळायला लागेल, म्हणून दोनदा बघा. पट्टी आणि प्रेस एकमेकांना टेकता कामा नयेत. पट्टी म्हणून स्टेनलेसचा जुना चमचा बिलकुल वापरू नका, त्यातून क्रोमियमचा विषारी प्रकार पाण्यात उतरतो. यात हायड्रोजन निघतो तेव्हा हे बाहेर अंगणात, गॅरेजचं दार बंद करून नाही, आणि पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद. रात्रभरात काळा थर सुटा होतो, ब्रशने निघून जातो. स्प्रिंगा आणि कडक केलेल्या पिना यात टाकू नका, हायड्रोजनमुळे ठिसूळ व्हायची भीती असते, त्यांना गंज काढायचं तयार मिळणारं पाण्यासारखं द्रावण बरं. ॲल्युमिनियमचे पार्ट सोड्याच्या पाण्यात टाकले तर ते खाल्ले जातात, आधी लोहचुंबक लावून बघा.

बादलीतून काढल्यावर लोखंड उघडं पडलेलं असतं, दहा मिनिटांत नारिंगी व्हायला लागतं. धुवा, गरम हवेने सुकवा, लगेच तेलाचा हात.

रंग मारायचा की नाही

माझं सरळ मत: जुना रंग अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर मारू नका. मिनरल स्पिरिटने मळ काढा, वर पेस्ट वॅक्स लावा, आहे त्या खुणांसकट ठेवा. कुणाच्या तरी तळहाताने दांड्याजवळचा रंग गेलेला असतो, ती चाळीस वर्षांची घास परत आणता येत नाही. रंग फारच गेला असेल तर मारा, पण आधी झाका. डायचे आटे, रॅमचं भोक, पिनांची भोकं, आणि डाय जागेवर आवळून धरणारी रिंग जिथे टेकते तो वरचा सपाट भाग, या चार जागी रंग जाता कामा नये. त्या सपाट भागावर एका बाजूला रंगाचा थर राहिला तर रिंग तिरकी बसते, डाय तिरका होतो आणि मग माणूस महिनाभर पुंगळीत दोष शोधत बसतो. रंगाखालचा अस्तराचा हात एक, इनॅमल दोन हात पातळ, मध्ये पूर्ण वाळू द्या. नंतर विकणार असाल तर नवीन रंग आहे हे सांगून विका.

जोडणं, वंगण, परीक्षा

उलट्या क्रमाने, फोटो बघत. पिनांना आणि लिंकला तीस नंबरचं साधं इंजिन ऑइल, रॅमला त्याचाच पुसट हात. जाड ग्रीस भरू नका, त्यात प्रायमरची कचकच चिकटते आणि ती पॉलिश पेस्टसारखी रॅम खात राहते. जुने रॅम झिजतात ते बहुतेक याच कारणाने, कामाने नाही. दर शंभर पुंगळ्यांनी फडकं मारायची सवय लावा.

बेंच भक्कम लागतं. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर एकत्र चिकटवून, आरपार बोल्ट, खाली मोठे वायसर. लाकडी स्क्रू नकोत, दांडा वर येताना प्रेस बेंचपासून उचकटतो आणि स्क्रू सुटतात. प्रेसच्या बरोबर खाली बेंचचा पाय आला तर उत्तम. बोल्ट आवळताना बेंच सपाट आहे ना बघा, वाकड्या फळीवर जोर लावून आवळलं की बिडाचा पाय तिथेच तडकतो, आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत त्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात जाते.

आता परीक्षा. आधी रिकामा चालवा, वीस-पंचवीस वेळा. कुठे अडकतो, कुठे घासतो ते हाताला कळतं. मग शेलहोल्डर सरकवून बघा, क्लिपने टक करून बसला पाहिजे, ढिला असेल तर क्लिप बदला, ती तारेची क्लिप म्हणजे अगदी किरकोळ वस्तू. मग साइझिंग डाय म्हणजे पुंगळी मापात आणणारा डाय लावा, रॅम वर असताना शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली फिरवा. आता एक वापरलेली रायफलची पुंगळी घ्या, आत दारू नाही, प्रायमर उडालेला आहे याची खात्री करून. तिला साइझिंग वंगण लावायला विसरू नका, रायफलची पुंगळी कोरडी घातली तर डायमध्ये अशी अडकते की काढायला वेगळं किट लागतं.

दांडा पूर्ण खाली असताना, पुंगळी आत असताना, शेलहोल्डर आणि डाय यांच्यामध्ये फट दिसते का ते मागून विजेरी धरून बघा. रिकामं असताना टेकत होतं आणि आता उजेड दिसतोय म्हणजे चौकट ताणली जातेय. सी-प्रेसमध्ये हे थोडंफार होतंच, डाय अजून अष्टमांश फेरा खाली घेतला की निभावतं. ओ-प्रेसमध्ये मोठी फट दिसली तर पिना परत तपासा. पुंगळी बाहेर काढून काचेवर गडगडवा, तोंड डुलतंय का बघा, आणि अशा चार-पाच करा, कारण एखादी पुंगळी मुळातच वाकडी असू शकते.

मित्राच्या ज्युनिअरची हीच परीक्षा गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर झाली. फट नव्हती, पाचपैकी चार पुंगळ्या सरळ गडगडल्या, पाचव्याचं तोंड आधीच चेपलेलं होतं. मूठ त्याने गॅरेजमधल्या मेपलच्या तुकड्यातून स्वतः तासलीय, अजून तेल पाजायचं बाकी आहे.